रविवारची पंगत

पुण्या-मुंबईचा पाहुणा शनिवारी रात्री नाशकात उतरतो, सामान टेकवतो आणि म्हणतो, चला, मिसळ खाऊन येऊ. घरातले एकमेकांकडे बघतात. रात्री नऊ वाजता मिसळ? शोधली तर मिळेलही कुठेतरी, पण ती पाहुण्यांची मिसळ. नाशिककराची मिसळ सकाळची. बहुतेक हॉटेलांत दुपारी दोन-तीनच्या आत पातेली घासायला पडलेली असतात, आणि रविवार असला तर त्याच्याही आधी गल्ल्यावरून आवाज येतो, "मटकी संपली हो!" मग दारात उभी असलेली मंडळी आपण उशिरा का निघालो यावरून आपसात भांडत परत फिरतात.

इतर शहरांत घरातली सगळी माणसं मिळून बाहेर जेवतात ती रात्री. मुंबईत असं ठरलेलं हॉटेल असतं, पुण्यात तर ते पिढीजात असतं, आणि तिथल्या कुठल्या टेबलावर बसायचं तेही वडिलोपार्जित. नाशिकने ही पंगत रात्रीतून उचलून रविवारी सकाळी नऊ ते बाराच्या मध्ये नेऊन ठेवली. आजी-आजोबा, मुलगा-सून, नातवंडं, आणि माहेरी आलेली मुलगी असेल तर जावयासकट सगळे दोन गाड्यांत बसून निघतात. एखादाच जण आंघोळ करून आलेला असतो.

रात्रीचं जेवण बाहेर होत नाही असं नाही. वाढदिवस असतो, निकाल लागतो, कुणाला नोकरी लागते. मग थाळीवाल्याकडे जायचं, नाहीतर पंजाबी भाज्यांच्या हॉटेलात. पण रात्रीच्या हॉटेलात मेन्यूकार्ड असतं, आणि मेन्यूकार्ड आलं की घराचे तुकडे पडतात. नातवाला नूडल्स हव्या असतात, मुलाला तंदुरी काहीतरी, आजोबांना 'साधं' हवं असतं आणि साधं म्हणजे काय ते सांगता येत नाही. सासूबाई उजवीकडचा रकाना वाचतात, सगळ्यांत कमी आकडा शोधतात आणि मला हेच आवडतं म्हणतात. शेवटी पनीरचं काहीतरी येतं आणि प्रत्येकजण ते दुसऱ्याच्या आवडीचं म्हणून खातो.

मिसळीच्या हॉटेलात हा प्रश्नच येत नाही. फलक भिंतीवर असतो, पण तो कुणी वाचत नाही. वेटर येतो, माणसांवरून बोट फिरवतो, "सात का? एक कमी तिखट?" एवढं विचारून जातो. आणि इथेच या हॉटेलाची खरी कारागिरी आहे. सगळ्यांनी एकच पदार्थ मागवलेला असतो, पण कुणीही दुसऱ्यासारखा खात नाही.

ताट कसं येतं ते नीट बघा. एका खोलगट ताटलीत मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर शेव-फरसाण. शेजारी बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. वाटीत दही. वर आडवा टेकवलेला पापड. पाव वेगळ्या ताटलीत. आणि रस्सा वाटीत, बाजूला. कोल्हापुरात मिसळीवर कट घालूनच ती तुमच्यापुढे येते, सोबत पावाच्या स्लाइस असतात. पुण्याची जुनी मिसळ पोहे आणि बटाट्याची भाजी पोटात घेऊन येते. नाशिकची मिसळ सुटी सुटी येते. जोडायचं काम खाणाऱ्याचं.

त्यामुळे चार वर्षांची नात फरसाणात दही कालवून खाते आणि मिसळ खाल्ली असं शाळेत सांगते. तिचा मोठा भाऊ यंदा पहिल्यांदा रस्सा घालतो, आधी चमचाभर, मग आत्याने "बस का, एवढंच?" म्हटल्यावर अर्धी वाटी, आणि मग कान लाल होईपर्यंत बोलत नाही. आजोबांची दाढ दुखते, ते पाव रस्स्यात पूर्ण बुडवून मऊ करतात. पित्ताचा त्रास असलेले मामा वरची तर्री चमच्याने बाजूला सारून खालचा रस्सा घेतात. त्यांची सारलेली तर्री शेजारचा भाचा स्वतःच्या ताटात ओढतो. तिखटाचा हिशोब प्रत्येकाच्या हातात दिल्यावर तीन पिढ्या एका पदार्थावर बसू शकतात. हे कुणी मुद्दाम योजलं असेल असं मला वाटत नाही. पण मिसळ हा टपरीचा, कामगारांचा, गप्पा मारणाऱ्या पोरांचा खाऊ कुटुंबाचा झाला तो या सुटेपणामुळे, असं माझं मत आहे.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. घरी रविवारी पुऱ्या, डोसे, थालीपीठ, काहीही करायचं ठरलं की घरातली एक बाई ओट्यापाशी अडकते. बाकीचे "अगं, तू पण बस ना" म्हणत राहतात आणि गरम गरम खात राहतात. ती बसते तेव्हा शेवटचे दोन गार झालेले असतात. आता पुरुषही ओट्यापाशी उभे राहतात, नाही असं नाही, पण अडकणारं माणूस अजून बहुधा तेच असतं. मिसळीच्या हॉटेलात साती ताटं एका फेरीत येतात. सून आणि सासू, दोघींचा रस्सा इतरांइतकाच गरम असतो, आणि कुणी उठायचं नसतं. पाव संपला की हात वर करायचा. एरवी घरात "अजून घे" म्हणणारी आजी इथे स्वतःच वाटी पुढे करते आणि वेटरला सांगते, "भाऊ, थोडा रस्सा. आणि तर्री घाल जरा, कंजुसी नको." तिचा हा आवाज घरच्यांनी घरात कधी ऐकलेला नसतो.

अर्थात ही जागा बायकांना आणि घरच्यांना सहज मिळाली नाही. मेन रोड, रविवार कारंजा, दहीपूल या जुन्या नाशकातच नव्हे, महाराष्ट्रात सगळीकडेच हॉटेल हे बराच काळ पुरुषांचं ठिकाण होतं. सायकल भिंतीला लावायची, उभ्याउभ्या नाहीतर लोखंडी खुर्चीवर बसून खायचं, पेपर वाचायचा, राजकारण करायचं. कुटुंब घेऊन आलेल्या माणसासाठी आत, कोपऱ्यात, 'फॅमिली रूम' अशी पाटी असे. फॅमिली रूम म्हणजे माणसाच्या खांद्याएवढी लाकडी किंवा प्लायवूडची खोकी, पुढे झुलती झडप किंवा हळदीचे डाग पडलेला पडदा. आत गेलं की पंखा नसे, असला तर बाहेरच्या बटणावर चाले. वेटर झडपेवरून डोकं काढून ऑर्डर घेई. घरच्या बाईने चारचौघांत रस्सा ओरपणं बरं दिसत नाही, एवढ्यासाठी हा सगळा सुतारकामाचा खर्च. मेन रोडवरच्या भगवंतरावांसारख्या मिठाईच्या नावावर चालणाऱ्या दुकानांनी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली असावी. पुढे पेढे-बर्फी घ्यायला बायका यायच्याच, मग मागे बसून मिसळ खाण्यात अवघड काय? त्याच रस्त्यावर सायंतारा साबुदाणावड्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि उपासाच्या दिवशी तिथली गर्दी बघितली तर उपास हा बाहेर खाण्याचा अधिकृत परवाना आहे याची खात्री पटते.

आणि एका छताखाली कुणीही बसावं हेही आपोआप झालेलं नाही. निदान नाशिकमध्ये तरी ते विसरून चालणार नाही. पंचवटीतल्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. तो मंदिराच्या दाराचा होता. पण त्या काळी चहाच्या हॉटेलाचं दारही वेगळं नव्हतं. बाहेर बसायचं, वेगळी कपबशी, आणि प्यायल्यावर ती स्वतः विसळून ठेवायची. पदार्थ एकाच पातेल्यातला, बसण्याची जागा मात्र जातीने ठरलेली. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी १९३३ साली सगळ्या जातींच्या लोकांसाठी उपाहारगृह काढलं, ते याच पार्श्वभूमीवर. हॉटेल काढणं हीच सुधारणा ठरावी असा तो काळ. म्हणूनच १९५० पासून लागू झालेल्या आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मूलभूत हक्कांच्या एवढ्या गंभीर मजकुरात हॉटेलाला जागा द्यावी लागली, यावरून ते दार किती घट्ट बंद होतं ते कळतं. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधताना आडनाव अजून विचारलं जातं. पण रविवारी हॉटेलाच्या दारात वाट बघताना तुम्हाला टोकन मिळतं, आणि टोकनावर फक्त आकडा असतो. लांब बाकावर तुमच्या शेजारी कोण येऊन बसणार ते तो आकडा ठरवतो.

नाशिकची मिसळ सकाळची का, याचं उत्तर मला कारखान्यांच्या भोंग्यात दिसतं. नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आणि नोटांचा छापखाना १९२०च्या दशकातले. स्वातंत्र्यानंतर सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, ओझरला विमानांचा कारखाना आला, मग अंबड. कारखाना म्हणजे पाळ्या. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला सकाळी लवकर पोट भरून हवं असतं, आणि तिसऱ्या पाळीवरून सुटलेल्याचं तर ते रात्रीचंच जेवण असतं. रात्रभर यंत्रापुढे उभं राहून सकाळी बाहेर पडलेल्या माणसाला पोहे-उपम्याने काही होत नाही. त्याला तिखट हवं, गरम हवं, डाळी-कडधान्याचं हवं, आणि खिशाला परवडणारं हवं. सातपूरच्या शामसुंदरचं नाव आज शहरभर आहे, पण ते हॉटेल कुठल्या वस्तीत आहे हे बघितलं की त्याचा पहिला गिऱ्हाईक कोण असणार ते सांगावं लागत नाही. बाहेरगावचा एक दाखला इथे मला आठवतो. पॅरिसमध्ये १८५५च्या सुमारास द्युव्हाल नावाच्या खाटकाने ले आल बाजारातल्या कष्टकऱ्यांसाठी मांसाचा स्वस्त गरम रस्सा विकायला सुरुवात केली. त्या धर्तीच्या खानावळींना रस्स्याचंच नाव पडलं, 'बुयाँ'. त्यातली १८९६ साली निघालेली बुयाँ शार्तिये अजून चालू आहे आणि आता तिथे कुटुंबंच्या कुटुंबं रांगा लावतात. हमालाचा रस्सा कुटुंबाच्या टेबलावर यायला पॅरिसलाही वेळ लागलाच.

नाशकात हे स्थलांतर गावाबाहेरच्या दिशेने झालं. गावठाणात जागा नाही, गाडी लावायला तर मुळीच नाही. मग गेल्या काही वर्षांत हॉटेलं कडेकडेला सरकली, शेतात गेली. मोतीवाला कॉलेजच्या बाजूला साधना चुलीवरच्या मिसळीसाठी नावारूपाला आलं. मखमलाबाद रोडला ग्रेप एम्बसीत द्राक्षबागेत बसून मिसळ खाता येते. पंचवटीत अंबिका आहेच. तुमची आवड कुठली यावरून नाशकात मैत्र्या तुटत नाहीत, पण वाद मात्र रात्रभर चालतात. लग्नाच्या लॉन्सची सवय असलेल्या या शहराला मोकळ्या जागेवरचं हॉटेल पटकन पटलं. झोपाळा, घसरगुंडी, झाडाखाली बाकडी, कडेला बैलगाडी. मुलं खेळतात, मोठी माणसं दुसरा चहा मागवतात. गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनचा व्यवसाय वाढला, सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि मुंबईची गर्दी शनिवार-रविवार नाशिककडे वळली. ती गर्दी शनिवारी संध्याकाळी द्राक्षाच्या एका रूपाकडे जाते आणि रविवारी सकाळी डोकं ठिकाणावर आणायला रस्स्याकडे येते. टोकनाची रांग लांबली त्याचं अर्धं श्रेय या मंडळींना द्यावं लागेल.

या नव्या हॉटेलांतला कंदील, जातं, रंगवलेलं चाक, फेटा बांधलेला पुतळा हे सगळं मला फारसं रुचत नाही. खेडं सोडून आलेल्यांच्या नातवंडांना खेडं दाखवायचं दुकान, असं कधी कधी वाटतं. पण त्याच झोपाळ्यावर आजीला बसलेली बघितली की टीका गिळावी लागते. तिच्या माहेरी असा झोपाळा खरोखरच होता, आणि नातीला ती त्याची गोष्ट सांगत असते.

आता पातेल्याकडे जाऊ. रविवारची मिसळ शुक्रवारी रात्री सुरू होते. मटकी निवडून, धुऊन भिजत घालायची. शनिवारी सकाळी ती उपसून फडक्यात घट्ट बांधायची किंवा झाकलेल्या टोपल्यांत पसरायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात. थंडीत मात्र नाशिकची हवा हटून बसते. निफाडकडे तर पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो, आणि मग टोपल्यांवर पोती टाकून त्यांना चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. मोड लवकर येतात, पण लक्ष नसेल तर मटकी बुळबुळीत होते आणि आंबूस वास सुटतो. मोड फार लांबवायचाही नाही. घरच्या उसळीत लांब मोड दिसायला छान, पण मोठ्या पातेल्यात उकळताना तो तुटतो आणि उसळीचा चोथा होतो. दाण्यातून नुकताच डोकावलेला पांढरा मोड, तेवढा पुरे. मटकी हे मुळात कमी पाण्याचं, कोरड्या रानातलं कडधान्य आहे. देशात ते सगळ्यांत जास्त राजस्थानात होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याने पाऊस कमी पडला की तिच्यावर भरवसा ठेवलेला आहे.

रस्स्याचा काळेपणा मसाल्यातून येतो, आणि मसाल्याचा काळेपणा विस्तवातून. सुक्या खोबऱ्याची वाटी थेट आचेवर धरायची. आधी ती घाम सोडते, मग कडा पेटतात. फुंकर मारून विझवायच्या आणि पुन्हा धरायची, पाठ काळी होईपर्यंत. कांदे सालासकट निखाऱ्यात टाकायचे. वरचं साल जळून कोळसा होतं, आतला कांदा गोड आणि मऊ होतो. त्याच्या जोडीला धने, जिरे, तीळ, मिरी, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल. दगडफूल जरा जास्त पडलं तर रस्सा औषधासारखा लागतो, कमी पडलं तर काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. वर्षाचा कोरडा मसाला एप्रिल-मे महिन्यांत कांडपावर कुटून ठेवायचा. त्या दिवसांत गिरणीच्या गल्लीतून नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नाही. प्रमाण विचारू नये. विचारलंत तर चहा मिळेल, प्रमाण नाही.

वाटणाची परतणी हा सगळ्यांत कंटाळवाणा भाग, आणि चव ठरते ती इथेच. वाटण तेलात पडल्यावर सुरुवातीला ते तेल पिऊन टाकतं. हलवत राहायचं. ओलेपणा जातो, रंग गडद होतो, कडेने बुडबुडे बारीक होतात आणि मग प्यायलेलं तेल वाटण परत सोडतं. तोपर्यंत पाणी ओतायचं नाही. घाई केली तर रस्सा दिसतो काळा आणि लागतो कच्चा. पाणीही गरमच ओतायचं, गार ओतलं की तवंग बसतो.

तो तवंग म्हणजे तर्री. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून सगळा जाळ वर तरंगतो आणि खालचा रस्सा त्या मानाने सौम्य असतो. मामांची चमच्याने तर्री सारण्याची युक्ती त्यामुळे शास्त्रशुद्ध आहे. आणि तोंड पोळल्यावर ढसाढसा पाणी पिणाऱ्याचं काही खरं नाही. पाणी ते तेल धुऊन नेत नाही, जिभेवर पसरवतं. दह्यातलं प्रथिन तिखट धरून ठेवतं, म्हणून वाटीभर दही. जिलेबी शेवटी कशासाठी, याला कुठलंही शास्त्र नाही. ती हवी असते एवढंच. चांगल्या जिलेबीसाठी जुन्या नाशकात बुधा हलवायाचं नाव घेतात, आणि काही कुटुंबांचा रविवार मिसळ एका टोकाला, जिलेबी दुसऱ्या टोकाला असा शहरभर पसरलेला असतो.

चुलीबद्दल थोडं अप्रिय बोलतो. धूर रस्स्यात उतरतो म्हणून चुलीवरची मिसळ वेगळी लागते, असं लोक डोळे मिटून सांगतात. झाकण असलेल्या पातेल्यात धूर जातो कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे फरक पडतो तो आचेमुळे. चुलीची आच ढणढणून मग मंदावते, निखाऱ्यावर पातेलं तासन्तास नुसतं रुटूरुटू उकळत राहतं, आणि रस्सा मुरतो. गॅसवर एवढा वेळ ठेवायचा तर सिलिंडरचा हिशोब डोळ्यांपुढे येतो आणि हात आपोआप लवकर बंद करतो. ज्याने गॅसवरही तेवढी सबुरी दाखवली त्याचा रस्सा डोळे बांधून ओळखून दाखवा, अशी पैज मी लावायला तयार आहे. अजून कुणी घेतलेली नाही.

रस्सा फुकट आणि पाव विकत, हा या धंद्याचा जुना करार. रस्सा कितीही वेळा मागा, वाढपी बादली आणि पळी घेऊन पंगतीत फिरावा तसा टेबलांमधून फिरत असतो. पण रस्सा घेतला की पाव लागतो आणि जादा पावाचे पैसे लागतात. गिऱ्हाइकाला आपण लुटलं असं वाटतं, मालकाला आपण विकलं असं वाटतं, आणि दोघांचंही बरोबर असतं. करार मोडायची वेळ येते ती कांदा भडकतो तेव्हा. डिसेंबर २०१९ मध्ये किरकोळ बाजारात कांदा किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, तेव्हा ठिकठिकाणच्या हॉटेलांत कांद्याच्या जागी चिरलेला कोबी, मुळा आला आणि 'जादा कांदा मागू नये' अशा पाट्या लागल्या. नाशिकमध्ये अशी पाटी वाचताना जरा वेगळं वाटतं. लासलगावची कांद्याची बाजारपेठ इथून साठेक किलोमीटरवर आहे. भाव वाढला की मिसळीच्या टेबलावर एकजण कुरकुरतो आणि त्याच टेबलावर निफाड-चांदवडकडचा त्याचा साडू शांतपणे हसतो. भाव पडला की हसू इकडून तिकडे जातं, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली तेव्हा त्या साडूपुढे मिसळीच्या दराबद्दल तक्रार करायची कुणाची टाप नव्हती.

गर्दीला मी स्वतः कंटाळलो आहे, हेही लिहिलं पाहिजे. ओट्यावर बसून नंबराची वाट बघायची, कर्ण्यातून पुकारा ऐकायचा, बसलेल्या कुटुंबाच्या पाठीशी उभं राहून त्यांचं शेवटचं बोट चाटून कधी होतंय ते न्याहाळायचं, आणि आपण बसल्यावर आपल्या पाठीशी तसंच दुसरं कुटुंब. ताट आलं की आधी फोटो. तोवर शेव मऊ पडते. निवडणूक आली की मिसळ पार्ट्या, वर्धापनदिन आला की मिसळ पार्ट्या. शहरातल्या कुठल्याही बैठकीचा कार्यक्रम ठरला नाही तर मिसळ ठरते. २०२७ साली सिंहस्थ आहे. तेव्हा गोदाकाठी येणाऱ्या भाविकांतले किती शाही स्नानानंतर मटकीकडे वळतील याचा अंदाज हॉटेलवाले आतापासूनच बांधत असणार. त्या दिवसांत नाशिककराने घरीच मोड आणून ठेवावेत हे उत्तम, आणि तो तसं करणार नाही हेही नक्की.

रविवारी साडेबाराच्या सुमाराला टेबलावरचा शेवटचा खेळ सुरू होतो, तो बिलाचा. बिल आलं की आजोबा खिशात हात घालतात. मुलगा म्हणतो, "बाबा, राहू द्या हो, मी देतो." आत्या म्हणते, "नाही, आज आमच्याकडून." जावई बोलत नाही, तो हात धुवायला म्हणून उठलेला असतो आणि सरळ गल्ल्यावरच्या क्यूआर कोडकडे चाललेला असतो. पूर्वी हा डाव साधायला वेटरच्या हातात आधीच नोट कोंबावी लागे, आता फोन पुरतो. आजीच्या ते लक्षात येतं. ती तिथूनच ओरडते, "अहो जावईबापू! हे काय!" सगळं हॉटेल वळून बघतं. आजोबा काठी टेकत गल्ल्याकडे निघतात, मुलगा त्यांच्या मागे. गल्ल्यावरच्या माणसाने हे दर रविवारी बघितलेलं असतं. तो जावयाच्या फोनवर हात आडवा धरतो, "दादा, थांबा जरा," म्हणतो, आणि आजोबांची पाचशेची नोट घेतो. सुट्टे परत देताना वर दोन गुलकंदाच्या गोळ्या ठेवतो आणि जावयाला सांगतो, "तुम्ही पुढच्या वेळी."

जावई गेल्या वेळचंही हेच ऐकून आलेला असतो.